आत्याबाई भांडं उलटं करतात

लग्नघरात नवरीपेक्षा आहेर निरखून पाहणारी आत्या तुमच्याकडेही आहेच, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. मला छळते ती मात्र व्हिक्टोरिया राणीच्या लंडनातली. 'पंच' साप्ताहिकाचे जुने अंक चाळताना दिवाणखान्याचं चित्र आलं, की वाटतं, आत्याबाई इथेच कुठेतरी खुर्चीमागे उभ्या असणार.

तिथे लग्नाआधी सगळे आहेर टेबलांवर मांडत, देणाऱ्याच्या नावाच्या कार्डासकट. बड्या घरी राखणीला साध्या वेशातला डिटेक्टिव्हही असे. आत्याबाईंना ही पर्वणीच. टोस्ट उभे करायचं स्टँड दिसलं, केलं उलटं. मस्टर्डचं भांडं, केलं उलटं. रिकामं होतं म्हणून बरं. मासे वाढायचं उलथणं तर उलटायलाच जन्मलेलं. मागे चालत्या सिंहाचा छाप असला तर चांदी खरी. नसला तर बाई कार्डावरचं नाव मोठ्यांदा वाचत. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि चांदीचा थाट मध्यमवर्गाला परवडू लागला. हा आपला खासगी अपमान आहे, असं आत्याबाईंचं मत. डिटेक्टिव्ह त्यांच्यावरच डोळा ठेवून असे. हाताला लागला असता तर त्यांनी त्यालाही उलटा केला असता.

१८८०मध्ये व्यंगचित्रकार द्यु मोरिएने 'पंच'मध्ये एक कलासक्त नवं जोडपं काढलं. निळ्या-पांढऱ्या चिनी चहादाणीपुढे दोघं विरघळलेली. हिला शोभेल असं आता आपण जगायचं, असं वधू म्हणते. चित्राचं नाव 'सहा खुणांची चहादाणी'. आणि असल्या खुणा असतात तळाशी! म्हणजे ती कुणीतरी उलटी केलीच होती. कुणी, ते मला सांगू नका.

पण विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८८२चा कायदा येईपर्यंत लग्न झालेल्या बाईला आहेरात आलेले चमचेसुद्धा बहुधा नवऱ्याच्याच मालकीचे होत. नवरा कर्जात बुडाला, की गहाणवटीच्या दुकानात मुलाम्याला कोण विचारतो? रोकडा मिळे तो सिंहाला. आत्याबाई हे बोलत नसत. त्यांच्या स्वतःच्या लग्नातले चमचे कुठे गेले, हेही नाही.

भाचीला त्यांनी साखरेचा एक बेढब, जड चिमटा दिला, सिंहाचा. टेबलावर मांडू दिला नाही, मुठीत कोंबला. त्यामुळे वर्तमानपत्रात छापलेल्या आहेरांच्या यादीत तो आलाच नाही. नवरदेवाने यादी दोनदा वाचली आणि म्हणाला, "म्हातारी फुकट जेवून गेली."