घूं आणि चीं

आसेगावात रात्री नऊनंतर इतकी सामसूम असते की रस्त्यावरच्या ट्रकचा गियर पडलेला घरात कळतो. अशा गावात गिटारला कॉम्प्रेसर पेडल लावणं म्हणजे भांडण विकत घेणं. सूर थांबला की डिजिटल अँपमधून 'घूंऽऽ' सुरू, आणि त्यात मिसळलेलं बारीक 'चींऽऽ'. मोठे काका आतून ओरडले, "अबे, मोटर बंद कर, टाकी भरली असंन!"

कॉम्प्रेसरचं काम आदर्श ग्रामसभेच्या अध्यक्षासारखं. मोठ्यानं बोलणाऱ्याला खाली बसवायचं आणि मागच्या कोपऱ्यात कुजबुजणाऱ्यापुढे माईक धरायचा. विझत चाललेला सूर त्यामुळे लांबतो खरा, पण तो संपल्यावर कोपऱ्यात उरतो विजेचा 50 हर्ट्झचा गुणगुणाट. पेडलनं 20 डेसिबल उचल दिली की तोही 10 पट फुगतो. 1970च्या दशकातल्या एमएक्सआर डायना कॉम्पला दोनच बटणं. माझं पेडल त्याच वळणाचं. जुने व्हॉल्व्हचे अँप स्वतःच सूंसूं करायचे, त्यात असले आवाज खपून जात. माझं डिजिटल अँप तसं अबोल. मात्र त्याच्या प्रीसेटमध्ये एक कॉम्प्रेसर आणि सढळ गेन आधीच चालू होते. ते बंद केल्यावर निम्मी मोटर थांबली.

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला की घूं जवळजवळ नाहीसं व्हायचं, चीं मात्र तसंच. म्हणजे आरोपी दोन. घूं पिकअपमधून येत होतं. सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या वायरी, चोक, ट्रान्सफॉर्मर सगळ्यांचं ऐकतो. ट्यूबलाइटकडे तोंड केलं की आवाज चढे, देव्हाऱ्याकडे वळलं की पडे. "देवाकडं पाठ करून वाजवशीन तं असंच होईन," काकांचं निदान. परिणाम बरोबर असल्यामुळे वाद घालता आला नाही.

वायरमनभाऊंनी आल्या आल्या सांगितलं, "अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाका." विदर्भातल्या उन्हाळ्यात मीठ-कोळशाचा तो खड्डा कोरडा पडतो, त्यामुळे सल्ला शहाणपणाचाच. पाणी ओतलं. घूं आणखी थोडं नरमलं.

उरलं चीं. अँप आणि पेडल एकाच अ‍ॅडॅप्टरवर होते; डिजिटल सर्किटची किरकिर सामाईक ग्राउंडमधून पेडलमध्ये शिरायची आणि पेडल ती इमानदारीनं मोठी करायचं. नॉइज गेट पेडलच्या पुढे लावून पाहिला, तर त्याला सूर कोणता नि किरकिर कोणती हेच ओळखेना, कारण कॉम्प्रेसरनं दोघांना एका उंचीवर आणून ठेवलेलं. पेडलला वेगळी वीज देणं हाच उपाय. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी हवी होती, आणि ती समोरच होती: वायरमनभाऊंच्या मल्टिमीटरमध्ये.

चीं जागच्या जागी गेलं. भाऊंनी बॅटरी ठेवू दिली, पण अटीवर. गिटारची पिन पेडलच्या इनपुटमध्ये राहिली तर वाजवत नसतानाही बॅटरी उतरते, म्हणून पिन रोज काढायची; आणि कुणाच्या घरची वीज गेली की बॅटरी लगेच परत. गेल्या पावसाळ्यात माझा रियाज फारच कमी झाला.