टो-आऊट आणि आवणी

मोटारीची पुढची दोन चाकं आणि शाळेत नव्याने लागलेले दोन शिक्षक यांची गत एकच. गाडी ओढायची त्यांनी, वळवायची त्यांनी, आणि थांबायची वेळ आली की ब्रेकचा मोठा भारही त्यांनीच घ्यायचा. मागची चाकं सेवाज्येष्ठ. ती हजेरी लावतात, पुढचे जातील तिकडे निमूट येतात आणि संध्याकाळी हँडब्रेक ओढला की झोपी जातात. पेठ गावच्या शाळेत मी आता सेवाज्येष्ठ असल्यामुळे हे मला आतून ठाऊक आहे.

मागच्या चाकांनाही काही काम असतं, हे मला भाच्याने शिकवलं. नाशिकला राष्ट्रीय मालिकेतली रॅली ऑफ महाराष्ट्र भरली होती, तेव्हा त्याने मला शहराबाहेर एका मुरमाच्या रस्त्याकाठी धुरळ्यात नेऊन उभं केलं. समोरून गाडी आली ती आडवी. वळण यायचं होतं आणि गाडी आधीच वळलेली. पुढची चाकं भलतीकडे बघत होती, मागचा भाग वळणाबाहेरून फिरत येत होता. आता ही उलटणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी निघून गेलेली आणि माझ्या तोंडात मुरूम.

घरी येताना भाच्याने धडा दिला. टायरची पकड मोजकी असते. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत ती ओढण्यात खर्च झाली की वळायला उरत नाही. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक सरळच जातं. म्हणून रॅलीवाले पुढची पकड वाढवायला बघतात आणि मागची मुद्दाम चोरतात. मागच्या स्प्रिंगा कडक, मागचा अँटी-रोल बार जाड, पुढचा भाग त्या मानाने मऊ. चाकं वरच्या बाजूने आत कललेली ठेवायची, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर. डांबरावर जास्त, कच्च्यावर कमी. आणि पुढची चाकं समोरच्या टोकाला किंचित बाहेर फाकवायची, हा टो-आऊट. त्याने नाक वळणात चटकन शिरतं. शिवाय ॲक्सिलरेटर दिला की इंजिनच्या ओढीने ती चाकं आत यायला बघतात, त्याचाही हिशेब आधीच होतो.

भाचा पुण्याला परत गेला आणि मी रात्री जागून वाचू लागलो. स्वीडनचा एरिक कार्लसन साबच्या चिमुकल्या गाडीत 1962 आणि 1963 ची माँटे कार्लो रॅली जिंकला. पुढची चाकं ओढणारी, पिटुकलं टू-स्ट्रोक इंजिन, आणि हा पठ्ठ्या उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून न उचलता डाव्याने ब्रेक मारायचा. वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. तो गाडी इतक्यांदा उलटी करायचा की लोक त्याला ‘छपरावरचा कार्लसन’ म्हणत. माझ्या वाचनात हे वाक्य आलं होतं. मी ते विनोद म्हणून घेतलं. 1964 साली पॅडी हॉपकर्कने तीच रॅली मिनी कूपरमध्ये मारली. 1966 ला मिनी पुन्हा पहिली आली, तर पंचांनी हेडलाइटच्या दिव्यांवरून तिला बाद केलं. 1967 ला राउनो आल्टोनेनने मिनीतूनच उट्टं काढलं. सगळ्या गाड्या लहान, सगळ्या पुढून ओढणाऱ्या. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात माझी मारुती 800 उभी होती.

796 सीसी, तीन सिलिंडर, बारा इंची चाकं. हिचा कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यातच ठरलेले, ते बदलायची सोयच नाही. माणसाच्या हातात फक्त टो ठेवलेला आहे. माझ्यासारख्याच्या हातात तोही ठेवायला नको होता.

टो मोजायची जुनी रीत दोरीची. गाडीच्या दोन्ही बाजूंनी समांतर दोऱ्या ताणायच्या आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजायचं. मी गवंड्याकडून लाइनदोरी आणि ओळंबा आणला. ओळंबा कॅम्बर बघायला. तो बदलता येत नसला तरी बघता येतो. अंगणात खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि पट्टी घेऊन जमिनीवर पालथा पडलो. थोड्याच वेळात कुंपणाशी माणसं जमली.

“गुरुजी, खोली काढताय का?”

“गाडीचं माप घेतोय.”

“गाडीला खोली? मग दार पूर्वेला ठेवा. पाऊस पश्चिमेचा.”

सल्ला खरा होता. पेठला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो येतो पश्चिमेकडूनच. दोरीबद्दलचा सल्ला मात्र कुणी दिला नाही. मी ती मागच्या टायरला टेकवून पुढच्या टायरच्या बाहेरून पुढे नेली होती. मारुतीच्या पुढच्या चाकांमधलं अंतर मागच्यांपेक्षा किंचित जास्त असतं, त्यामुळे माझ्या दोऱ्या समांतर नव्हत्याच, पुढे जाऊन फाकत होत्या. फाकलेल्या दोरीवरून सरळ चाक आत वळल्यासारखं दिसतं. मी ते ‘आत वळलेलं’ चाक बाहेर काढलं, आणि त्यावर हवा होता तो टो-आऊट आणखी दिला. टाय रॉडचा चेक नट गंजून बसला होता. रॉकेल सोडलं, पाना लावला, देवाचं नाव घेतलं, तेव्हा तो हलला. त्याने पहिल्या फटक्यालाच नकार दिला होता, तो मी ऐकायला हवा होता.

मिस्त्रीने येऊन चाकं पाहिली. “गुरुजी, ही बदकासारखी चालेल. टायर आतून खाईल.”

“खाऊ दे. नाक आत शिरतं का, ते बघायचंय.”

मिस्त्री माझ्या नाकाकडे बघत निघून गेला.

मग हवा. मागची पकड कमी करायची तर मागची हवा वाढवायची. पंक्चरवाल्याला म्हटलं, पुढं अठ्ठावीस, मागं चाळीस. त्याने पंप थांबवला. “भात टाकणार का मागं?” पेठच्या रस्त्यावर मागं चाळीस हवा मारायचं एवढंच एक कारण असतं. मी हो म्हणालो. रॅली म्हणण्यापेक्षा भात म्हणणं सोपं होतं. प्रत्यक्षात मी मागची सीटही काढून ठेवली होती. त्या सीटवर आता ओसरीत मांजर झोपतं.

डाव्या पायाने ब्रेक मारायचा सराव मी जेवणाच्या टेबलाखाली केला. तिथे तो उत्तम जमला. पण डाव्या पायाची सारी हयात क्लचवर गेलेली, आणि क्लच अर्धा दाबायची त्याला सवय नाही. करंजाळीच्या बाजूला जाताना मी तो हळुवार ब्रेकवर ठेवला आणि त्याने क्लच समजून पार तळाशी नेला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मांडीवरचा दुधाचा कॅन बायकोच्या पदरात सांडला. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या पायाला काय झालंय? डॉक्टरला दाखवा.” मागून येणाऱ्या जीपवाल्याने दाखवायला दुसरीच जागा सुचवली.

महामार्गावर, सावळघाटात किंवा कोटंबीच्या घाटात हे असले उद्योग करायचे नाहीत एवढी अक्कल शिल्लक होती. मी गावाबाहेरचा, शेतांकडे जाणारा मुरमाचा रस्ता निवडला. आषाढ होता, पाऊस झिमझिमत होता. सरळ रस्त्यावरच गाडीची लक्षणं ठीक नव्हती. फार टो-आऊट दिला की दोन्ही चाकं आपापल्या दिशेला जायला बघतात; ज्या चाकावर भार पडेल तिकडे गाडी वळते. बैलगाडीची चाकोरी दिसली की माझी मारुती तिच्यात शिरायची आणि निघायला तयार नसायची. मी याला प्रतिसाद म्हणत होतो. ‘गाडी जिवंत वाटते’ असं रॅलीवाले लिहितात, ते हेच असावं.

मग ते वळण आलं. मोठं नाही, डावीकडे जाणारं, खाली भाताची खाचरं. मी स्टिअरिंग फिरवलं, उजवा पाय उचलला आणि डाव्याला त्याचं काम करू दिलं. त्याने ते पूर्ण केलं. वजन पुढे गेलं, रिकामी मागची बाजू हलकी झाली, चाळीस हवेची चाकं ओल्या मुरमावर सुटली आणि गाडी फिरली. अगदी फोटोत असते तशी. क्षणभर मी कार्लसन होतो.

अशा वेळी काय करायचं ते मला तोंडपाठ होतं. पुढची चाकं जायच्या दिशेला ठेवायची आणि ॲक्सिलरेटर द्यायचा; पुढची ओढ गाडीला सरळ करते. हीच तर या जातीच्या गाडीची खुबी. मी दोन्ही पाय उचलून घेतले आणि डोळे मिटले. ही सवय नाशिकच्या रस्त्याकाठीच लागली होती.

गाडी मागच्या बाजूने, अजिबात घाई न करता, बांधावरून खाचरात उतरली. नाक रस्त्याकडे, शेपूट भातात. शेजारच्या खाचरात आवणी चालली होती. वाकलेल्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या. शेताचा मालक बांधावरून चालत आला, काचेतून वाकून पाहू लागला.

“गुरुजी, उलटे का आले?”

उत्तर देण्याआधी मी त्याला ओळखलं. माझा जुना विद्यार्थी.

“तुम्ही आम्हाला पाढे उलटे म्हणायला लावायचे,” तो शांतपणे म्हणाला. “मला वाटलं, तसलंच काही असंल.”

पुढच्या चाकांची गाडी चिखलात पुढचीच चाकं फिरवते आणि स्वतःला पुरत जाते. शेवटी चिखलणीचे बैल सोडून आणले. बैलांना टो-इन, टो-आऊट काही नव्हतं. त्यांनी गाडी रस्त्यावर काढली आणि परत कामाला गेले. विद्यार्थ्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, जेवढं मोडलं तेवढं लावून द्या.

म्हणून पँट गुडघ्यावर दुमडून मी आवणीला उतरलो. रोपांच्या जुड्या हातात, पाय पोटरीपर्यंत चिखलात, अंगावर कुणीतरी दिलेलं इरलं. थोड्या वेळाने शेजारच्या म्हातारीने मान वर करून माझ्या दोन ओळींकडे पाहिलं.

“फाकतात,” ती म्हणाली. “पुढं जाऊन फाकतात.”

तिने माझी रोपं उपटली आणि परत लावली. दोरी नाही, पट्टी नाही, ओळंबा नाही. ओळी शेवटपर्यंत समांतर.

नाशिकला अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी चढवली तेव्हा पडद्यावरचे सगळे आकडे लाल झाले. पोराने सहानुभूतीने विचारलं, “कुणी ठोकली?” मी ‘भात’ म्हणालो. त्याने पुढचा टो जागेवर आणला. मागच्या ॲक्सलकडे बघून म्हणाला, इथं काही फिरवायला नाहीच, आहे ते आहे. मी त्याला हळूच सुचवलं, एखादा मिलिमीटर टो-आऊट ठेवता येईल का? तो म्हणाला, पडदा हिरवा झाल्याशिवाय कागद निघत नाही.

तिथूनच भाच्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मामा, पण मागून फिरली ना?”

“फिरली.”

“मग सेटअप बरोबर आहे. ड्रायव्हर बदला.”

हे हिने ऐकलं. परत येताना किल्ली हिच्या हातात होती. रॅलीत ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा माणूस वळणांची टिपणं वाचून दाखवतो. एक म्हणजे फार आवळ वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. सावळघाट लागला तसा मी वहीचं कोरं पान उघडून सुरू केलं.

“उजवं तीन, सैल खडी. मग डावं दोन, लांब, आत कापू नकोस.”

“दिसतंय मला,” ही म्हणाली.