एकनिष्ठ वाचक

वर्तमानपत्रांना वाचक उरला नाही, ही रड शोधपत्रकारांना तरी शोभत नाही. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं ‘पेगॅसस’ हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्ये उतरलं, की बातमी छापून यायच्या आधीच वाचणारा वाचक लाभतो. कच्चा मसुदा, खबऱ्यांचे नंबर, रात्री उशिरा बायकोला धाडलेलं ‘तू जेवून घे’ हेसुद्धा तो मन लावून वाचतो. लिंक दाबायचीही तोशीस नाही. माइक तो स्वतःच सुरू करतो. कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांनाच विकतो. म्हणजे वाचक चक्क सरकारमान्य! मुद्रितशोधनही त्याच्याकडेच सोपवावं. नाहीतरी मजकूर त्याच्याकडे आधी पोचतोच.

आपल्याकडे खासगीपणाची कदर नाही, हाही अपप्रचार. पेगॅससच्या चौकशीसाठी नेमलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, ५ फोनमध्ये घुसखोर सॉफ्टवेअर सापडलं. ते पेगॅससच का, हे काही ठरलं नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, असं ऑगस्ट २०२२मध्ये सरन्यायाधीशांनीच भर न्यायालयात सांगितलं. शोधपत्रकारांनो, गुपित राखण्याची शिकवणी लावायचीच असेल, तर केंद्र सरकारकडे लावा.