गाडी रनिंगमध्ये आहे

नांदुऱ्याच्या माणसाला ताकदीचं कौतुक सांगायला जाऊ नये. इथे हायवेलगतच १०५ फुटांचे हनुमानजी उभे आहेत. मुंबई-नागपूर रस्त्यावरचा ट्रकवालाही समोरून जाताना स्टिअरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावतो. त्यामुळे मामांनी त्यांच्या जुन्या काँटेसाला 'आपल्याकडची मसल कार' म्हटलं, तेव्हा गावाने ते फारसं मनावर घेतलं नाही.

अमेरिकेत मसल कारची कृती सोपी होती. १९६४ साली पाँटियाकने मध्यम आकाराच्या गाडीत थोरल्या गाडीचं ६.४ लिटरचं इंजिन कोंबलं आणि तिला जीटीओ म्हटलं. मग सगळ्याच कंपन्यांना कोंबाकोंबीचं वेड लागलं. १९७३ मध्ये अरबांनी तेल रोखलं आणि हौस उतरली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात हिंदुस्थान मोटर्सने हीच कृती उलटी केली. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलने बंद केलेली ऐसपैस गाडी घेतली आणि तिच्यात ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं इंजिन ठेवलं. तीच काँटेसा. पुढे इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आलं, पण मामांची गाडी त्याआधीची. तिचं बळ सगळं बॉनेटच्या लांबीत.

वर्षानुवर्षं चालून रिंगा झिजल्या आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल पिते, काळा म्हणजे पेट्रोल जास्त पिते, पांढरा म्हणजे पाणी. आमच्या गावात माणसांपेक्षा गाड्यांच्या पिण्याचं निदान लवकर होतं.

मिस्त्रीने धुराचा वास घेतला आणि सांगितलं, "भाऊ, हाफ इंजिननं भागत नाई. फुल खोला लागते."

मामांचा चेहरा उजळला. हाफ म्हणजे हेड, रिंगा, बेअरिंग. फुल म्हणजे ब्लॉक, क्रँक सगळं गाडीबाहेर. अंगणातल्या कडुनिंबाला चेनपुली लागली. इंजिन वर आणि अर्धी गल्ली खाली, अशी व्यवस्था झाली. पिस्टन धुवायला भांडं हवं होतं, ते मिस्त्रीने स्वयंपाकघरातून स्वतःच आणलं.

"अवो, थे परात पुरणपोळीच्या कणकीची हाये!" मामी ओरडल्या.

"होती," मिस्त्री रॉकेल ओतत म्हणाला.

मला मिळालेलं काम व्हॉल्व्ह लॅपिंगचं. पेस्ट लावायची, काठीच्या टोकाची रबरी चकती व्हॉल्व्हला चिकटवायची आणि काठी दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची. आठ व्हॉल्व्ह. लोणी काही निघत नाही.

ब्लॉक बोअरिंगला अकोल्याला गेला. तिथे माप निघालं चाळीसचं, म्हणजे सिलिंडर इंचाच्या चाळीस हजारांश भागाने, साधारण एक मिलिमीटरने, रुंद करायचे आणि त्याच साइजचे पिस्टन घालायचे. अमेरिकेतले हौशी लोक हे मुद्दाम करतात. बोअर वाढवतात, लांब स्ट्रोकचा क्रँक घालतात आणि किती घोडे वाढले ते मशीनवर मोजून आणतात. आपण झिजल्यावर नाइलाजाने करतो. भूमिती मात्र हेतू विचारत नाही. ७३ मिलिमीटरचा बोअर ७४ झाला की १४८९ चे सुमारे १५३० सीसी होतात. हा हिशेब मामांना करून दाखवला, तर संध्याकाळपर्यंत तो स्टेशन रोडला पोचला होता: "इंजिन मॉडिफाय केलं." चाळीस सीसी! डेट्रॉइटवाले तेवढ्यात काच पुसायचे वायपरही चालवत नसतील.

काम चालू असताना जो येई तो एकच विचारी, "ॲव्हरेज काय देते?" जुन्या मसल कार लिटरला चार-पाच किलोमीटर द्यायच्या, असं मी एकदा सांगून पाहिलं. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर अमेरिकेबद्दल खरी कणव दिसली.

"मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवा," एका काकांनी सुचवलं. "मर्सिडीजचं डिझाइन हाये थे!"

ते खरंही होतं. जीप आणि ॲम्बेसेडरमध्ये अशी डिझेल इंजिनं बसवून घेणारेही पुष्कळ होते. मर्सिडीज म्हटल्यावर मामा पाघळले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मी समजावून सांगितलं. परवानगीशिवाय असा बदल चालत नाही. कायद्याने ते डगमगले नाहीत. पण "त्या धडधडीनं माह्या लोणच्याच्या बरण्या पडतीन" हे मामींचं कलम लागू झालं आणि पेट्रोल वाचलं. म्हणजे पेट्रोल इंजिन वाचलं.

इंजिन बसलं, सुरूही झालं. मिस्त्रीने बजावलं, "पयले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्याची नाई. रनिंगमधी हाये." नव्या रिंगा सिलिंडरला बसेपर्यंत हा संयम लागतोच. मामांनी मागच्या काचेवर पेंटरकडून ठसठशीत लिहून घेतलं: 'गाडी रनिंगमध्ये आहे'. मग आम्ही शेगावला गेलो. वाटेत एसटी पुढे गेली, टेम्पो पुढे गेले, कापूस भरलेला एक ट्रॅक्टर आमची चौकशी करून पुढे गेला. येताना घेतलेली गरम कचोरी घरी पोचेपर्यंत थंडगार झाली.

अडचण एवढीच की इंजिन उतरवताना स्पीडोमीटरची केबल काढली होती, ती परत लावायची राहिली. मीटर जागेवरच थांबलं, त्यामुळे हजार किलोमीटर अजून झालेले नाहीत. ट्रॅक्टर पुढे गेला तर कमीपणा नको, यासाठी मामांना ही सोय पटलेली दिसते. फार हळू चालवलं तर रिंगा नीट बसत नाहीत, त्यांना थोडा भार लागतो, असं मिस्त्री खासगीत सांगतो. मामा ते ऐकतच नाहीत.

लग्नसराईत मात्र या इंजिनाला मागणी आहे. वरातीचा वेग रनिंगला मानवतो, असं मामांचं संशोधन आहे. अट एकच: पेट्रोल वरपक्षाचं, स्टिअरिंग मामांचं. परवा एक नवरदेव मागच्या सीटवर घामाघूम झाला होता.

"मामा, थोडी जोरात घ्या ना. मुहूर्त टळते."

मामांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "घाई काऊन करता बावा? तुमचंबी आजपासून रनिंगच हाये."