दुलई, दशम्या आणि जालंधर

माझ्या आणि शास्त्रीय संगीताच्या मध्ये 'प्रवेशिका पूर्ण'ची परीक्षा आडवी पडली आहे. परीक्षकांनी पेटीवर चार सूर वाजवून राग विचारला, मी 'भूप' म्हणाले. दुसरा वाजवला, मी पुन्हा 'भूप' म्हणाले. मग त्यांनीच दमून विचारलं, "हाही भूपच का?" मी जोरात मान हलवली. तो बागेश्री होता. तेव्हापासून कुठल्याही मैफलीत सुरुवातीला बराच वेळ मला भूपच ऐकू येतो आणि मी अतिशय आनंदात असते.

माझ्या नणंदबाई विशारद आहेत. वन्संना राग ऐकावा लागत नाही, तानपुरा जुळतानाच कळतो. पहिली तार पंचमाऐवजी निषादाला लावली की त्या माझ्या कानाशी "मारवा, नाहीतर पूरिया" असं पुटपुटतात आणि डोळे मिटतात. पुढचा तासभर त्या फक्त पडताळणी करत असतात. दाद कुठे द्यायची हे मी त्यांच्याकडे बघून ठरवते. त्यांचं 'वा' गेलं की अर्ध्या क्षणानं माझं 'वा' निघतं. सवाई गंधर्व महोत्सवात आमच्या पुढे बसणाऱ्या मंडळींनी हा प्रतिध्वनी आता मंडपाच्या खात्यावर टाकला आहे.

तर सवाई संपला, पाठीला चोळायची तेलाची बाटली अजून कपाटात गेली नव्हती, आणि वन्सं म्हणाल्या, "हरवल्लभला जाऊ या."

हरवल्लभ म्हणजे जालंधरचा संगीतमेळा. बाबा हरवल्लभ यांनी आपले गुरू स्वामी तुळजागिर यांच्या स्मरणार्थ देवी तलावाच्या काठी तो १८७५ साली सुरू केला. तेव्हा आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर यायला पाच वर्षं होती. मेळा भरतो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे पंजाबातला शहाणा माणूस रजईतून नाकही बाहेर काढत नाही तेव्हा. पण मराठी माणसानं तिथे जायची जुनी रीत आहे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पंजाबात गाण्याची शाळा रुजवली. त्यांचा मुलगा दत्तात्रय पहिल्यांदा लोकांसमोर गायला बसला तो हरवल्लभलाच, चौदाव्या वर्षी. आणि भीमसेन जोशी! गुरूच्या शोधात गदगहून पळालेला मुलगा, बिनतिकिटाचा, गाडीत लोकांना गाणी ऐकवत उत्तरेत भटकला आणि जालंधरला भक्त मंगतराम यांच्याकडे धृपद शिकत राहिला. हरवल्लभला येणाऱ्या गवयांच्या मागे तो तानपुरा धरायचा. तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला विचारलं, अरे, सवाई गंधर्व तुझ्या गावाजवळ असताना तू इतक्या लांब कशाला आलास?

"मीही तुम्हाला तेच विचारतोय," आमचे हे म्हणाले. "सवाई घरापासून दहा मिनिटांवर आहे."

"भीमसेन गेले होते," वन्सं म्हणाल्या.

"ताई, ते घरातून पळून गेले होते. तुम्हीही तशाच निघालात असं समजू का?"

आम्ही रीतसर निघालो. आरक्षण करून, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आलेपाक आणि दुलई घेऊन. ही दुलई वन्संच्या आजेसासूबाईंच्या वेळची. तिला घडी नाही, तिची फक्त मनधरणी करता येते. स्टेशनवर हमालानं आधी दुलईकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि मजुरी सांगताना त्यानं तिसरा प्रवासी धरला.

गाडीचं नाव सांगत नाही. बिचारीची चूक नव्हती, धुक्याची होती. ग्वाल्हेरपर्यंत ती सुरेख धावली. तिथे वन्संनी खिडकीतून तानसेनाच्या दिशेनं हात जोडले. तानसेनाची कबर महंमद गौस यांच्या मकबऱ्याशेजारी आहे, तिथल्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. "तुझ्यासाठी आणायला हवा होता," वन्सं म्हणाल्या. मग आग्रा गेलं आणि बाहेरचा हिंदुस्थान नाहीसा झाला. खिडकीला कोणीतरी बाहेरून पांढरं धोतर वाळत घातलं होतं जणू. गाडी थांबली, थोडी सरकली, पुन्हा थांबली. अचानक चाकाखाली धाड धाड असा आवाज झाला आणि वन्सं दुलईसकट उठून बसल्या.

समोरच्या बर्थवरच्या फौजीनं डोळे न उघडता सांगितलं, "पटाखा है, माताजी." धुक्यात सिग्नल दिसत नाही, म्हणून सिग्नलच्या बरंच अलीकडे रेल्वेचा माणूस रुळावर फटाके बांधून ठेवतो. ते इंजिनाखाली फुटले की ड्रायव्हरला कळतं, सिग्नल आला. कडाक्याच्या रात्री कोणीतरी कंदील घेऊन त्या रुळाकाठी उभं असतं, हे ऐकल्यावर मी उशिराबद्दल कुरकुर करणं बंद केलं. पुन्हा सुरू केलं ते दुसऱ्या दिवशी.

दुसरा दिवस उगवला की नाही हे नक्की सांगता येत नाही. सकाळी पांढरं होतं, दुपारी पांढरं होतं. यानं वन्संची फार पंचाईत झाली, कारण त्यांना प्रवासात प्रहराप्रमाणे गुणगुणायची सवय. घड्याळात साडेतीन आणि बाहेर पहाट. मुलतानी म्हणावा तर खिडकीकडे बघवेना, भैरव म्हणावा तर घड्याळाकडे. शेवटी त्यांनी घड्याळाला वळसा घालून काहीतरी सुरू केलं.

"भूप," मी म्हणाले.

वन्सं थांबल्या. माझ्याकडे त्यांनी पहिल्यांदाच जरा आदरानं पाहिलं. "देसकार," त्या म्हणाल्या. "पण सूर तेच, पाचही. भूप संध्याकाळचा, गंधारावर रमतो. देसकार सकाळचा, याचा जीव धैवतात."

म्हणजे मी पाचही सुरांनी बरोबर होते, फक्त वेळ चुकली होती. आणि ती त्या डब्यात सगळ्यांचीच चुकली होती. परीक्षा तिथे असती तर मी पास झाले असते.

वरच्या बर्थवरचे सरदारजी लुधियान्याचे, लोकरीच्या कपड्यांचे व्यापारी. पुण्यात स्वेटर विकून परत निघाले होते. पुणेकर गिऱ्हाईकाबद्दल त्यांचं मत मी इथे लिहीत नाही. आम्ही कुठे निघालो ते ऐकून त्यांना अभिमान वाटला. हरवल्लभ त्यांनी लहानपणापासून ऐकला होता. आणि गेलात का कधी? "तौबा, बहनजी! वहाँ तो बहुत ठंड होती है."

ज्या गायिकेसाठी आम्ही निघालो होतो त्या मंचावर बसायची वेळ झाली तेव्हा गाडी पानिपतला उभी होती. मराठी माणसानं हिवाळ्यात अडकून पडावं अशी ही जागा नव्हे. वन्संनी डबा उघडला. दशम्या संपल्या होत्या. चटणीच्या कागदाला थोडं तेल होतं. चहावाला धुक्यात कुठेतरी ओरडत होता, पण कुठल्या बाजूला ते कळत नव्हतं. दक्षिणेकडचा मार्ग बंद, रसद तुटलेली, पुढे फक्त थंडी. १७६१च्या त्या जानेवारीबद्दल शाळेत जे रटाळ वाटलं होतं ते सगळं मला पोटातून समजलं. तेवढ्यात वरून सरदारजींचा हात आला, हातात स्टीलचा डबा, डब्यात मुळ्याचे पराठे. मी संकोचानं नको नको म्हणत होते. वन्संनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "भाऊसाहेबांच्या छावणीला पतियाळाच्या आलासिंगानं रसद पुरवली होती," त्या म्हणाल्या आणि दोन पराठे घेतले.

जालंधर कँटला उतरलो तेव्हा बैठक उठून गेली होती. रिक्षावाल्यानं दुलईचे वेगळे पैसे घेतले. मंदिराच्या रस्त्यावर गळपट्ट्यात गुंडाळलेले लोक समोरून घोळक्यानं येत होते आणि एकमेकांना हातवारे करून ताना समजावत होते. काय ऐकलं असेल ते त्यांच्या हातांवरून दिसत होतं. वन्सं एकही शब्द बोलल्या नाहीत. धर्मशाळेत पोचल्यावर त्यांनी दुलई माझ्या अंगावर टाकली, स्वतः शाल घेतली आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. मला पहिल्यांदाच त्यांचं वय दिसलं. त्यांनी सत्तरीत एवढा प्रवास कुणाच्या भरवशावर केला होता? जिला भूप सोडून काही येत नाही तिच्या!

सकाळी देवी तलाव पाहिला. मधोमध तळं, सोनेरी कळस, फार छान. कुंदनलाल सैगल जानेवारी १९४७मध्ये याच गावात वारले, त्यांच्या नावाचं सभागृह रिक्षातून ओझरतं दिसलं.

मग मंडप. कोणी कांबळं, कोणी रजई घेऊन आलेलं. आमची दुलई बघून चारजणांनी आपुलकीनं जागा करून दिली, आणि आम्ही मंचाच्या अगदी कडेला जाऊन पोचलो. गायला एक तरुण बसला होता, नाव आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं. तबलजी हातोडीनं गट्टे ठोकत होता. दमट हवेत पुडी सैलावते आणि सूर उतरतो, म्हणून त्याचं काम संपेना. गायकाच्या डाव्या हाताला, जिथे मला पेटी बघायची सवय, तिथे एक म्हातारे गृहस्थ सारंगी घेऊन बसले होते.

मी सारंगी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. मुख्य तारा तीन, आतड्याच्या. त्यांच्याखाली पस्तीसच्या वर तरफा, आणि त्यातली एक एक खुंटी पिळून लावायची. म्हातारबुवा चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून हात शेकायचे, ग्लास ठेवून दोन खुंट्या पिळायचे, पुन्हा ग्लास. मग खिशातून टाल्कम पावडरची डबी काढून त्यांनी डाव्या बोटांना लावली. सारंगीत बोटाचं टोक तारेवर टेकत नाही. नखाच्या मुळाशी, जिथे कातडी सुरू होते, तिथे तार बाजूनं दाबायची आणि घासत न्यायची. त्यांच्या बोटांना नेमक्या त्या जागी घट्टे होते, आणि थंडीनं एक घट्टा उललेला होता.

पोरगा गाऊ लागला. आवाज थंडीनं धरलेला, वरच्या षड्जाला जाताना बिचकत होता. आणि तो जी जागा घेई ती सारंगी त्याच्या मागून घेई, अर्ध्या क्षणानं. पोरगा अडखळला तर तीही हळूच थांबे, आणि मग त्याला जिथे जायचं होतं तिथे नेऊन सोडी. अर्धा क्षण मागून येऊन इतकं काही करता येतं हे मला माहीत नव्हतं. मी वन्संकडे पाहायचं विसरले. 'वा' निघून गेलं माझं, एकटीचं, आणि अर्ध्या क्षणानं शेजारून वन्संचं आलं. राग कुठला, मी विचारलं नाही.

मागून कोणी तरी म्हणालं, "साथ को हारमोनियम ही ठीक है, साफ बजता है." मला एकदम संताप आला. पेटीचे सूर कारखान्यात ठरून येतात, त्यांना ना थंडी लागते ना मींड येते. आणि हे आपल्याकडे तर कोणी बोलूच नये. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्याला थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष होते, नाटकाच्या तिकिटात लोक ते ऐकत होते. मग कोठीवरचं वाद्य म्हणून सभ्य घरांनी सारंगीकडे नाक मुरडलं. १९४०मध्ये रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली, तेवढी सारंगियांना नोकरी मिळाली. पंडित रामनारायण साथ सोडून मुंबईत पहिल्यांदा एकटे वाजवायला बसले, तेव्हा आपल्या श्रोत्यांना पुढच्या नामवंतांची घाई झाली होती. ते हटले नाहीत म्हणून जगानं सारंगी ऐकली. पण शिकायला लागतात वर्षंच्या वर्षं, बिदागी साथीदाराची, आणि पत्रिकेत नाव बारीक टायपात. कुठला बाप मुलाला बसवेल?

बैठक संपल्यावर वन्सं उठल्या, मंचाजवळ गेल्या आणि उरलेला सगळा आलेपाक त्यांनी म्हातारबुवांच्या हातावर ठेवला. दोघांची भाषा एक नव्हती. "गरम," वन्सं म्हणाल्या. त्यांनी एक वडी तोंडात टाकली, डोळे मोठे केले आणि हसले.

तर जाणाऱ्यांसाठी. हरवल्लभला तिकीट नसतं. डिसेंबरात दिल्लीच्या पुढे जायचं तर एक अख्खा दिवस धुक्याच्या नावानं बाजूला काढून ठेवा, आणि दशम्या दुप्पट घ्या. दुलई आमच्याकडून न्या, तिला रस्ता माहीत आहे. जाणं जमत नसेल तर निदान आपल्या गावच्या संगीत मंडळाला एक पोस्टकार्ड टाका, की पुढच्या बैठकीला गायकाच्या डाव्या हाताला सारंगी बसवा, आणि सारंगियाचं नाव मोठ्या टायपात छापा.