तीर्थस्वरूप 2005 च्या पूरखुणेस

प्रति,
तीर्थस्वरूप 2005 ची खूण,
मुक्काम : जिन्याखालची भिंत, गावभाग, सांगली.

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपल्यावर या गल्लीचा जेवढा विश्वास, तेवढा हवामान खात्याच्या वाट्याला कधी आला नाही. त्या वर्षी पाणी आपल्यापर्यंत येऊन उतरलं, म्हणजे कृष्णामाईनं तसा शब्दच दिला, असं सगळ्यांनी धरलं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी आधी 40 फुटांची इशारा पातळी गेली, मग 45 फुटांची धोका पातळी. तरी घरोघरी फ्रिज विटांवर चढले, गाद्या आपल्यापेक्षा वीतभर उंच गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं गेलं. ‘बाहेर पडा’ सांगायला आलेल्यांना आपल्याकडे बोट दाखवण्यात आलं. पाणी 57 फुटांवर गेलं. आपण मुकाट्यानं बुडालात. गाद्यांनीही तक्रार केली नाही.

पुढे कुणीतरी समजावलं, की निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. झालं! ‘आता आपली मुलं बघतील’ म्हणून मंडळी निर्धास्त. नदीला हे वेळापत्रक कुणी कळवलं नसावं; 2021 च्या जुलैत ती परत दारात.

सबब आपणास सल्लागारपदावरून सन्मानानं निवृत्त करण्यात येत आहे. यापुढचा कारभार असा :

वरचा मजला कुणाचा आणि त्यावर कोण जाणार, हे मे महिन्यातच ठरेल. वरच्यांनी ‘या हो कधीही’ म्हणायचं नि खालच्यांनी ‘कशाला उगाच त्रास’ म्हणायचं, ही सज्जनांची प्रथा बंद. कुणाला जिना चढवत नाही, कुणाचं इन्शुलिन फ्रिजमध्ये असतं, कुणाच्या दावणीला म्हैस आहे, ते एका वहीत. आजींना उचलणाऱ्या दोघांची नावंही त्यातच, कारण कमरेएवढ्या पाण्यात सभा भरवून ठराव मांडता येत नाही.

रेशनकार्ड, सातबारा, पासबुक, विम्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यांचे फोटो परगावच्या बहिणीकडेही. पिण्याचं पाणी आधीच भरलेलं, कारण पुरात पाणीपुरवठ्याचे पंपच बुडतात आणि नळ तेवढा कोरडा राहतो. जनावरं आधीच उंचावर. निघताना मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद. ‘कोयना धरण फुटलं’ हा संदेश पुढे ढकलण्याआधी 1077 वर जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारायचं. त्यानं पुण्य कमी होत नाही.

मुख्य म्हणजे, पुलापाशी किती फूट झाले की ज्याच्या त्याच्या दारात पाणी येतं, तो आकडा पोरासोरांनाही पाठ हवा. आकडा गाठायच्या आधीच निघायचं. पाणी चढत असताना ‘अजून बघू’ म्हणणाऱ्याला बघायला शेवटी दुसऱ्याच कुणाला तरी बोटीत बसून यावं लागतं.

आपली माजी आज्ञाधारक,
समस्त गल्ली

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी : 2019 ची खूण. (‘याच्या वर काय येणार?’ असं आपल्याविषयी चहाच्या गाड्यावर बोललं जाऊ लागलं आहे. कृपया हुरळून जाऊ नये.)