वायंडिंगवाला मिस्त्री

वर्धा जिल्ह्यात जिथे शेतीपंप, पिठाची गिरणी किंवा लेथ आहे, तिथून हाकेच्या अंतरावर वायंडिंगवाला मिस्त्री असतोच. दुकान टिनाच्या छपराखाली. दारात पोट रिकामे केलेल्या मोटरींची रांग, भिंतीवर लाकडी फर्मे, आणि गिऱ्हाइकाने बसायच्या स्टुलावर आधीच एक मोटर बसलेली. 'उद्या या' हा धंद्याचा स्थायीभाव. हरभरा-गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत जळक्या पंपांचा असा लोंढा येतो की हा उद्या होळीपर्यंत लांबतो.

पंपाची मोटर तो गप्पा मारता मारता भरतो. कळी खुलते ती जुन्या लेथची मोटर आल्यावर. ती दोघांनी उचलून आणावी लागते. सोबत वर्कशॉपचा मालक येतो आणि लेथ पुलगावच्या गिरणीतला असल्याचे सांगतो. जिल्ह्यातल्या अशा लेथांची संख्या पाहता त्या गिरणीत कापड विणायला जागा उरली कशी, हा प्रश्नच आहे. 'नवीन घ्या' असे मिस्त्री चुकूनही म्हणत नाही. जुन्या मोटरीचे सुती-कागदी इन्सुलेशन १०५ अंशांपर्यंतच टिके. ती थंड राहावी म्हणून लोखंड आणि तांबे सढळ हाताने घालत. आजचे इन्सुलेशन १५५ अंश सोसते, म्हणून तितक्याच हॉर्सपॉवरची मोटर आटली. मिस्त्रीच्या मते आटली ती बनवणाऱ्याची दानत. वर्ध्यात गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडलेले ग्रामोद्योगांचे मगन संग्रहालय आहे. पण यंत्र नुसते पाहायला ठेवावे, हे त्याला पटत नाही.

निदानाची सुरुवात नाकाने होते. वास घेऊन तो मोटरीकडे नव्हे, मालकाकडे पाहतो.

"काय झालं होतं भाऊ?"

"काईच नाही. चालता चालता बंद पडली."

मालकाच्या चुकीने जळालेली मोटर आजवर कोणत्याही दुकानात आलेली नाही. कव्हर निघते. दोन फेजच्या कॉइली कोळसा झालेल्या, तिसऱ्या फेजच्या कोऱ्या करकरीत. स्टार जोडणीच्या मोटरीत याचा अर्थ एकच: एक फेज गेला आणि उरलेल्या दोनवर मोटर घुमत, जवळपास दुप्पट करंट ओढत राहिली. मिस्त्री शांतपणे विचारतो, "फ्यूजले तार कोणती लावली होती?" मालक छताकडे पाहतो. एका फ्यूजमध्ये नेमाची तार होती, ती इमानदारीने वितळली. बाकी दोघांत वायरीचे पीळ होते, ते मोटर जळेपर्यंत तसूभर हलले नाहीत. पुढच्या बिलात घासाघीस होत नाही ती या क्षणामुळे.

मग छिन्नीने जुनी कॉइल तोडून टर्न मोजले जातात. या वेळी मिस्त्रीशी बोलायचे नसते, पण मालक नेमका तेव्हाच कापसाच्या भावावर बोलतो, आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. ३६ स्लॉट, ४ पोल, पिच १ ते ९, तारेचा गेज मायक्रोमीटरने, असे सारे एका तेलकट वहीत जाते. ही वही मुलालाही वाचता येत नाही. घराण्याची मिळकत म्हणून ती तशीच ठेवली जाते. नवी तार फर्म्यावर गुंडाळून, स्लॉटमध्ये कागद घालून कॉइली बसवतात, वरून बांबूच्या चिपा ठोकतात. मग वार्निश, आणि ते सुकवायला पोटात २०० वॉटचा बल्ब. मे महिन्यात बल्बाचे काम छप्परच करते. कारखानदार मोटर बनवताना भोवतालची हवा ४० अंश धरतो. त्याने वर्ध्याचा उन्हाळा काढलेला नसतो.

बेअरिंग बदलते, इन्सुलेशन तपासायला मेगर लागतो, आणि ट्रायलला मोटर उलटी फिरते. मालकाचा चेहरा उतरतो. मिस्त्री मुद्दाम चहाचा घोट पुरा करतो, मग तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करतो. मोटर सुलटी धावते. हे तो आधी सांगू शकला असता, पण सांगत नाही.

हिशेबाला थोडी ओढाताण होते ती फक्त जुन्या तांब्यावरून. गिऱ्हाईक म्हणते तांबे माझे. मिस्त्री म्हणतो, भाव तांबे धरूनच सांगितला होता. शेवटी अर्धे वजा होते. गॅरंटी विचारली, तर तो फ्यूजच्या तारेची गुंडी मालकाच्या हातावर ठेवतो आणि तिचेही पैसे बिलात जोडतो.